लपायचंही आहे आणि सापडायचंही

२००७ सालच्या सुरुवातीची गोष्ट. अमेरिकेतल्या ऑरेगन राज्यात राहणाऱ्या रॉब टोपोल्स्की या नेटवर्क तंत्रज्ञाला बार्बरशॉप क्वार्टेटचा नाद होता. चौघांनी वाद्यांची साथ न घेता गाण्याचा हा अमेरिकी प्रकार. त्याची जुनी, दुर्मीळ ध्वनिमुद्रणं इतर शौकिनांना मिळावीत म्हणून टोपोल्स्कीने ती टॉरेंटवर, म्हणजे लोकांनी आपापल्या संगणकांतून एकमेकांना थेट फाइली देण्याच्या पद्धतीवर, ठेवली. पण फाइली त्याच्या संगणकातून बाहेर पडेचनात. बाकी इंटरनेट सुरळीत होतं. वेबपानं उघडत होती, मेल जात होते. अडत होतं ते फक्त दुसऱ्याला देणं.

अशा वेळी माणूस राउटर बंद-चालू करतो, प्रोग्राम पुन्हा बसवतो आणि शेवटी नाद सोडतो. टोपोल्स्कीने तारेवरून येणारी-जाणारी पॅकेट्स, म्हणजे माहितीचे छोटे तुकडे, टिपून तपासली. त्यात त्याला ‘जोडणी तोडा’ असा निरोप देणारी पॅकेट्स दिसली. ती आल्यासारखी वाटत होती पलीकडच्या माणसाकडून, पण पलीकडच्याने ती पाठवलेलीच नव्हती. त्याला इंटरनेट पुरवणारी कॉमकास्ट ही कंपनी मधल्या मध्ये दोघांच्याही नावाने खोटा निरोप घालून जोडणी तोडत होती. ऑक्टोबर २००७ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची किंग जेम्स आवृत्ती टॉरेंटवरून पाठवून पाहिली आणि तिलाही तोच अनुभव आला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनने दोन्ही टोकांची पॅकेट्स एकाच वेळी टिपली आणि निरोप दोघांनाही पोचतो, पण धाडत दोघांपैकी कुणीच नाही, हे सिद्ध केलं. ऑगस्ट २००८ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने कॉमकास्टविरुद्ध निर्णय दिला. २०१० मध्ये न्यायालयाने तो आयोगाच्या अधिकारकक्षेच्या मुद्द्यावर रद्द ठरवला. तोवर कंपनीने आपली पद्धत बदललेली होती.

या प्रकरणाने ‘नेट न्यूट्रॅलिटी’चा, म्हणजे सगळ्या रहदारीला समान वागणूक देण्याचा, वाद जगभर पोचवला, हे बहुतेकांना आठवतं. मला त्यातली तपासाची रीत जास्त मोलाची वाटते. ‘नेट स्लो आहे’ हे गाऱ्हाणं झालं. निदान त्यानंतर करायचं असतं. वेग नेहमी कुठल्या तरी एका ठिकाणी अडतो, आणि ते ठिकाण अंदाजाने सापडत नाही, मोजमापाने सापडतं.

या घटनेनंतर टॉरेंट वापरणाऱ्या कितीतरी लोकांनी व्हीपीएनचा आसरा घेतला. व्हीपीएन म्हणजे आपला संगणक आणि दूरचा एक सर्व्हर यांच्यामधला कूटबद्ध बोगदा. आत काय चाललंय हे इंटरनेट कंपनीला दिसत नाही, आणि बाहेरच्या जगाला आपल्या पत्त्याऐवजी त्या सर्व्हरचा पत्ता दिसतो. टॉरेंटमध्ये या दुसऱ्या गोष्टीला विशेष अर्थ आहे, कारण तिथे एका फाइलभोवती जमलेल्या प्रत्येकाला इतर सगळ्यांचे आयपी पत्ते दिसतात. त्याशिवाय देवघेव होऊच शकत नाही. आपण काय वाचतो, काय जमवतो हे अनोळखी माणसांना कळू नये असं वाटणं रास्त आहे. भारतात व्हीपीएन वापरणं बेकायदा नाही. प्रताधिकार असलेला चित्रपट किंवा पुस्तक फुकट उतरवणं मात्र बोगद्यातूनही बेकायदाच राहतं; हा लेख त्यासाठी नाही. डेबियन, उबुंटू, लिबरऑफिस हे सगळे अधिकृतपणे टॉरेंट देतात. इंटरनेट अर्काइव्हने २०१२ पासून आपल्या लाखो ग्रंथ-ध्वनिमुद्रणांना टॉरेंट जोडले आहेत, आणि ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’त स्कॅन झालेली जुनी मराठी पुस्तकं तिथेच आहेत. हे सगळं हक्काचं धन आहे. ते बोगद्यातून आणताना वेग का बसतो, याचा हा शोध.

आधी तीन आकडे

सुरुवात एककांपासून करावी लागते. कंपनी ‘१०० एमबीपीएस’ म्हणते ते मेगाबिट. टॉरेंट प्रोग्राम दाखवतो ते मेगाबाइट. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे १०० मेगाबिटची जोडणी पूर्ण ताकदीने चालली तरी सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच येणार. ११ मेगाबाइटचा वेग पाहून हळहळणाऱ्याचं काहीच बिघडलेलं नसतं.

मग तीन आकडे कागदावर लिहावेत. पहिला, व्हीपीएन बंद असताना साध्या स्पीड टेस्टचा. दुसरा, व्हीपीएन चालू असताना त्याच टेस्टचा. तिसरा, व्हीपीएन चालू ठेवून टॉरेंटचा. हे तिन्ही शक्यतो राउटरला तार जोडून घ्यावेत. शहरातल्या इमारतींत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर शेजारपाजारचे इतके वायफाय एकमेकांवर आदळत असतात की भिंतीपलीकडच्या खोलीत बसून काढलेला आकडा व्हीपीएनबद्दल काहीच सांगत नाही.

पहिलाच आकडा कमी असेल, तर व्हीपीएनला दोष देण्यात अर्थ नाही. पहिला चांगला आणि दुसरा पडलेला असेल, तर अडचण बोगद्यात आहे. पहिले दोन्ही चांगले आणि तिसराच पडलेला असेल, तर बोगदा ठीक आहे, अडचण टॉरेंटच्या देवघेवीत आहे. तिसऱ्या आकड्यासाठी फाइल कोणती निवडायची हेही महत्त्वाचं. आपल्याला हवी असलेली दुर्मीळ फाइल घेऊन उपयोग नाही. ज्याच्यामागे शेकडो सीडर, म्हणजे पूर्ण फाइल देणारे, असतात असं उबुंटूचं किंवा डेबियनचं ताजं टॉरेंट घ्यावं. ते भरधाव उतरलं आणि आपलं पुस्तक तरीही रखडलं, तर आपल्या यंत्रणेत फारसा दोष नाही, त्या पुस्तकाला देणारेच कमी आहेत. बऱ्याच तक्रारींचा उलगडा या एका चाचणीत होतो.

उलट प्रकारही घडतो. व्हीपीएनशिवाय टॉरेंट रखडतं आणि व्हीपीएन लावताच धावतं, तर इंटरनेट कंपनी या रहदारीला वेगळी वागणूक देत असण्याचा दाट संशय येतो. भारतात २०१८ मध्ये परवान्यांच्या अटींत असा भेदभाव न करण्याचं बंधन आलं. तक्रार करायची तर हे आकडे तारीख-वेळेसह जवळ असावेत.

बोगदा किती लांब?

दुसरा आकडा पडलेला असेल तर पहिला प्रश्न अंतराचा. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते सिंगापूर सरळ अंतर सुमारे ३,९०० किलोमीटर. म्हणजे पॅकेट जाऊन उत्तर यायला कमीत कमी ३९ मिलिसेकंद. समुद्रातली केबल सरळ रेषेत नसते आणि वाटेत यंत्रं असतात, त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून जास्तच लागतो. अमेरिकेचा सर्व्हर निवडला तर ही फेरी २०० मिलिसेकंदांच्या घरात जाते.

फेरीला लागणारा हा वेळ वेगालाही जखडतो, कारण टीसीपी ही पद्धत पोच मिळेपर्यंत ठरावीकच माल वाटेत ठेवते. १०० मेगाबिटची जोडणी २०० मिलिसेकंदांच्या फेरीवर भरलेली ठेवायची तर कायम अडीच मेगाबाइट वाटेत असावे लागतात. मूळ टीसीपीत ही मर्यादा ६५,५३५ बाइटची होती. तेवढ्यावर २०० मिलिसेकंदांच्या फेरीत जेमतेम २.६ मेगाबिट मिळतात. १९९२ मध्ये मर्यादा वाढवायची सोय झाली, पण वाटेत एखादं पॅकेट हरवलं की टीसीपी हात आखडता घेतो, आणि फेरी लांब असेल तर पुन्हा वेग पकडायलाही जास्त वेळ लागतो.

भारतीय वापरकर्त्याच्या बाबतीत हा प्रश्न २०२२ पासून जास्त बिकट झाला आहे. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी निर्देश काढून व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं जपून ठेवायला सांगितलं. त्यानंतर एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. काही कंपन्यांच्या यादीत ‘भारत’ अजून दिसतो, पण तो आभासी असतो. पत्ता भारतीय आणि यंत्र सिंगापूरला किंवा ब्रिटनमध्ये. म्हणजे नाशिकच्या माणसाने सांगलीच्या माणसाकडून एखादी फाइल घेतली आणि दोघंही अशा बोगद्यात असले, तर प्रत्येक तुकडा समुद्र ओलांडून जातो आणि समुद्र ओलांडूनच परत येतो. म्हणून यादीतल्या झेंड्यावर विसंबू नये. प्रत्येक सर्व्हरला पिंग करून, म्हणजे फेरीचा वेळ मोजून, जो सर्वांत कमी मिलिसेकंद दाखवेल तो घ्यावा. कधी कधी दोष खरोखर समुद्रात असतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रातल्या केबली तुटल्या, तेव्हा आशिया-युरोप रहदारीला वळसे घ्यावे लागले. अशा दिवसांत युरोपचा सर्व्हर सोडून पूर्वेकडचा घेणं हाच उपाय.

बोगद्याची बांधणी

दुसरा प्रश्न बोगदा कुठल्या पद्धतीने बांधलाय याचा. ओपनव्हीपीएन २००१ पासून चालत आलेली आणि विश्वासाची पद्धत. ती पोचेची वाट न पाहणाऱ्या यूडीपीवरही चालते आणि टीसीपीवरही. टॉरेंटसाठी टीसीपी निवडणं ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. आतली टीसीपी जोडणी हरवलेलं पॅकेट पुन्हा पाठवते, बाहेरचा टीसीपीही तेच करत असतो. दोघांचे ठोके चुकत जातात आणि रहदारी साचून राहते. ओलाफ टिट्झ यांनी २००१ मध्येच हा धोका मांडून ठेवला आहे. टॉरेंटचं त्यात दुहेरी नुकसान होतं. टॉरेंटची खरी ताकद एकाच वेळी अनेकांकडून थोडंथोडं घेण्यात आहे. एक जोडणी रखडली तरी बाकीच्या चालू राहतात. टीसीपी बोगद्यात या सगळ्या एकाच जोडणीत कोंबल्या जातात, आणि एक पॅकेट हरवलं की मागचे सगळे थांबतात.

सोय असेल तिथे वायरगार्ड निवडावं. जेसन डोनेनफेल्ड यांनी लिहिलेली ही पद्धत मार्च २०२० मध्ये लिनक्स प्रणालीच्या कर्नलच्या, म्हणजे गाभ्याच्या, ५.६ आवृत्तीत आली. ती फक्त यूडीपीवर चालते आणि तिचा मूळ कोड सुमारे चार हजार ओळींचा आहे. ओपनव्हीपीएनच्या रूढ रचनेत प्रत्येक पॅकेट कर्नलमधून बाहेर प्रोग्राममध्ये येतं आणि परत आत जातं. वायरगार्ड हे काम लिनक्सच्या कर्नलमध्येच उरकतं. घरच्या स्वस्त राउटरवर व्हीपीएन चालवणाऱ्यांना हा फरक लगेच जाणवतो, कारण त्या राउटरचा प्रोसेसर कूटबद्ध करण्याच्या ओझ्याखालीच दमतो. तपासायला सोपं आहे: व्हीपीएन राउटरवरून काढून लॅपटॉपवर चालवून पाहावं. वेग दुप्पट-तिप्पट झाला तर दोषी सापडला. ‘जलद’ म्हणून पीपीटीपी या जुन्या पद्धतीकडे मात्र वळू नये. त्याची ओळख पटवण्याची पद्धत २०१२ मध्येच उघडपणे मोडून दाखवली गेली आहे.

तिसरा प्रश्न पॅकेटच्या मापाचा, आणि तो सर्वांत छुपा. इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा १,५०० बाइट. आपल्याकडच्या अनेक फायबर जोडण्या पीपीपीओई पद्धतीच्या असतात. ती ८ बाइट स्वतःसाठी घेते, उरतात १,४९२. वायरगार्ड आयपीव्ही४ या जुन्या पत्तापद्धतीवर ६० आणि आयपीव्ही६ या नव्या पद्धतीवर ८० बाइटांचं वेष्टन चढवतं. त्याचं नेहमीचं माप १,४२०. आयपीव्ही४ वर बेरीज १,४८० होते आणि पॅकेट निघून जातं. आयपीव्ही६ वर बेरीज पूर्ण १,५०० होते आणि १,४९२ च्या वाटेत मावत नाही. मग त्याचे तुकडे होतात किंवा ते गुपचूप टाकलं जातं. लक्षण ठरलेलं: जोडणी होते, सीडर दिसतात, लहानसहान पानं उघडतात आणि मोठा माल यायला लागला की सगळं थिजतं. व्हीपीएन बंद ठेवून पिंग आज्ञेत ‘तुकडे करू नका’ हा पर्याय लावून १,४७२ पासून आकडा उतरवत न्यावा. जिथे उत्तर येऊ लागेल त्या आकड्यात आयपीव्ही४ आणि पिंगच्या शीर्षांचे मिळून २८ मिळवले की वाटेचं खरं माप कळतं. व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये एमटीयू, म्हणजे पॅकेटचं कमाल माप, १,४१२ किंवा त्याहून थोडं खाली आणलं की अशी थिजलेली डाउनलोडं चालू झालेली दिसतात.

बंद दार

आता तिसऱ्या आकड्याकडे. बोगदा ठणठणीत आहे आणि टॉरेंटच रखडतं, तेव्हा विचारायचा प्रश्न असा: बाहेरचं कुणी आपल्यापर्यंत येऊ शकतं का?

आयपीव्ही४ चे पत्ते साधारण ४ अब्ज २९ कोटी. आशिया-प्रशांत विभागाचा मुक्त साठा एप्रिल २०११ मध्ये संपला. त्यामुळे एका पत्त्यामागे अनेकांना बसवण्याची नॅट ही पद्धत सगळीकडे आहे. नॅट गृहसंकुलाच्या फाटकावरच्या वॉचमनसारखं वागतं: आतल्या माणसाने बोलावलेल्याला सोडतं, आपणहून आलेल्या अनोळखी माणसाला परत पाठवतं. घरच्या राउटरवर एक वॉचमन असतो. अनेक इंटरनेट कंपन्या आपल्याकडे आणखी एक ठेवतात. राउटरच्या पानावर बाहेरचा पत्ता १०० पासून सुरू होणारा आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ मधला दिसला, तर तो आहे असं समजावं. आणि व्हीपीएनच्या सर्व्हरवर स्वतंत्र तिसरा असतो.

बोगद्यातून गेल्यावर पहिल्या दोघांशी संबंध उरत नाही, उरतो तो तिसऱ्याशीच. म्हणूनच ‘घरच्या राउटरवर पोर्ट उघडा’ हा सर्रास दिला जाणारा सल्ला व्हीपीएन चालू असताना निष्फळ ठरतो. वर धोकाही आहे, कारण ते दार बोगद्याच्या बाहेर, आपल्या खऱ्या पत्त्यावर उघडतं. दार उघडायचं ते व्हीपीएन सर्व्हरवर. ही पोर्ट फॉरवर्डिंगची सोय काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. मुलवाड या व्हीपीएन कंपनीने ती गैरवापराचं कारण देऊन जुलै २०२३ पासून बंद केली. प्रोटॉनसारख्या कंपन्यांच्या ठरावीक सर्व्हरवर ती अजून आहे. मिळालेला पोर्ट क्रमांक टॉरेंट प्रोग्राममध्ये भरावा लागतो, आणि कंपनी तो बदलत असेल तर तिथेही बदलावा लागतो. इथे बरेच जण अडखळतात.

दार बंद असलं तरी आपण बाहेर जाऊन इतरांना गाठू शकतो, म्हणून उबुंटूसारख्या गर्दीच्या टॉरेंटमध्ये काही जाणवत नाही. पण दोघांचीही दारं बंद असली तर त्यांची थेट गाठ सहसा पडत नाही. एखाद्या जुन्या मराठी पुस्तकाचे तीनच जण धनी असतील, आणि तिघंही बंद दारामागे, तर ते पुस्तक असूनही नसल्यासारखं. इंटरनेट अर्काइव्हचा स्वतःचा सर्व्हर तेव्हा पुरवठा करतो, पण सगळा भार त्या अमेरिकेतल्या एका सर्व्हरवर आणि त्या लांब फेरीवर येतो.

व्हीपीएन आणि टॉरेंट यांच्यातला खरा पेच मला इथे दिसतो. एकाची बांधणी आपण कुणाला सापडू नये यासाठी आहे, दुसऱ्याची बांधणी आपण सगळ्यांना सापडावं यावर उभी आहे. मंद वेगाच्या पुष्कळ तक्रारी म्हणजे या दोन गरजांची ओढाताण असते. पोर्ट फॉरवर्डिंग त्यावरचा सभ्य तोडगा आहे: पत्ता सर्व्हरचा दिसतो, दार मात्र आपलं उघडं असतं. वेगासाठी व्हीपीएन अधूनमधून बंद करणं हा तोडगा नव्हे; तेवढ्या काळात खरा पत्ता सगळ्यांना दिसून जातो. टॉरेंट प्रोग्रामच्या सेटिंगमध्ये त्याला फक्त व्हीपीएनच्या जोडणीशी बांधून ठेवावं, म्हणजे बोगदा तुटला की देवघेव थांबेल, उघड्यावर येणार नाही.

घेणं देण्यावर चालतं

ब्रॅम कोहेन यांनी २००१ मध्ये बिटटॉरेंट लिहिलं तेव्हा त्याच्या गाभ्यात एक नियम ठेवला: जो मला देतो त्याला मी देईन. मूळ रचनेत प्रोग्राम दर दहा सेकंदांनी हिशेब करून सर्वांत जास्त देणाऱ्या काही पीअरना, म्हणजे देवघेवीतल्या इतरांना, माल सोडतो आणि दर तीस सेकंदांनी एखाद्या नव्याला संधी देतो. अपलोड जवळजवळ शून्यावर आणून डाउनलोड वाढेल अशी आशा करणारा माणूस या हिशेबात मागे पडतो.

दुसरं टोकही वाईट. अपलोडला मोकळं सोडलं की रांग साचते, आणि आपल्या डाउनलोडच्या पोचपावत्या त्याच रांगेत अडकून पडतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास ‘बफरब्लोट’ या नावाने जगासमोर मांडलेला दोष तो हाच. अपलोडच्या मोजलेल्या क्षमतेच्या ऐंशी टक्क्यांवर मर्यादा ठेवून पाहावी. टॉरेंटची स्वतःची यूटीपी ही पद्धत मुळातच सौजन्याने वागते. रांगेतला विलंब १०० मिलिसेकंदांकडे गेला की ती आपण होऊन मागे सरते. घरात कुणी व्हिडिओ पाहत असताना टॉरेंट मंदावलं तर ते बिघडलेलं नाही, वाट देत आहे.

या सगळ्या तपासाला एकच शिस्त हवी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, तीन आकडे पुन्हा घ्यावेत, लिहून ठेवावेत आणि मगच पुढच्या गोष्टीला हात लावावा. सर्व्हर, पद्धत, माप आणि पोर्ट एकदम बदलून वेग वाढला, तर कशाने वाढला हे कळत नाही आणि पुढच्या वेळी पुन्हा अंधारात चाचपडावं लागतं.

एवढं करूनही एक गोष्ट आपल्या हातात नसते, ती म्हणजे पलीकडे देणारं कुणी आहे की नाही. लोकप्रिय फाइलीला देणारे मिळतात. दुर्मीळ फाइलीचा वेग जादा पैसे भरून वाढत नाही. ती ज्यांच्याजवळ आहे त्यांनी ती चालू ठेवावी लागते आणि आपल्यापर्यंत इतरांना पोचू द्यावं लागतं. व्हीपीएन निवडताना जाहिरातीतल्या वेगाआधी पोर्टची सोय विचारावी. आणि एखादं जुनं मराठी पुस्तक उतरवून झालं की प्रोग्राम लगेच बंद करू नये. गुणोत्तराचा आकडा १ होईपर्यंत, म्हणजे जितकं घेतलं तितकं परत जाईपर्यंत, तो चालू राहू द्यावा. शक्य असेल त्याने पुढेही ठेवावा.